क्रॉसिंग

मिरजेची सकाळची पॅसेंजर
शेडबाळला साइडिंगला लागायची.
बावीस मिनिटं. कधी चाळीस.
रूळ एकच, समोरून मालगाडी.
"क्रॉसिंग ऐतिरी," कुणीतरी म्हणायचं
आणि डबाभर चपला निघायच्या,
मांड्या पडायच्या.

मी उगारला चढायचे.
पास आधी कॉलेजचा, मग लॅबच्या नोकरीचा,
ओढणीला कारखान्याच्या मळीचा वास.
आप्पा शेडबाळला पॉइंट्समन.
गाडीत मी आहे हे त्यांना ठाऊक असायचं.
बघायचे नाहीत. ड्युटी.

मास्तरांच्या खोलीत लाल यंत्र होतं.
घंटा वाजायची, पलीकडचं स्टेशन हो म्हणायचं,
आणि यंत्राच्या पोटातून लोखंडी गोळा पडायचा, खट्ट.
गोळा ज्याच्या हाती, पुढची वाट त्याची.
साहेबाच्या अमदानीतला कायदा.
मीटरगेज उखडलं, रुंद रूळ आले,
वाफ गेली, डिझेल आलं,
गोळा तोच.

न थांबणारी गाडी असली की
आप्पा फलाटाच्या टोकाला.
वेताचं कडं, कड्याला चामडी पिशवी, पिशवीत गोळा,
हात उंच.
इंजिनातून एक कोपर बाहेर यायचं,
जुनं कडं खडीवर, नवं त्या कोपरात,
आणि आप्पांचा खांदा
दर खेपेला थोडा गाडीबरोबर जायचा.

एका रात्री कुणी फलाटाच्या पाटीवर डांबर फासलं,
एका लिपीवर. महिन्यानं दुसऱ्या कुणी, दुसरीवर.
दोन्ही वेळा आप्पांनी रॉकेल घेऊन पुसली.
विचारलं तर म्हणाले,
ड्रायव्हरला स्टेशन दिसाय नको काय?

आणि डब्यात,
कुडचीची हुसेनबी उरलेली वांगी
निम्म्या भावात संपवायची.
चिंचलीचा बाळगोंडा दुधाच्या किटलीवर बसून
दुसऱ्याच्या म्हशीचं दुखणं ऐकायचा.
मालगावे बाईंच्या धाकटीचं लग्न इथंच ठरलं,
मुलाकडचे पुढच्या डब्यात होते,
अर्धी बोलणी खिडकीतून.
रायबागच्या एका पोरानं काचेच्या धुळीवर
मला कन्नड क काढून दाखवला.
आमची अक्षरं चाकासारखी, म्हणाला,
तुमची रुळाला लटकलेली.
पुढं तो हुबळीला गेला.
क अजून येतो मला.

मग दुसरा रूळ आला.
लाल यंत्र चौघांनी मिळून टेम्पोत चढवलं,
आप्पा पाचवे, नुसता हात लावायला.
सिग्नल आता आपले आपण रंग बदलतात.
गाडी शेडबाळला टेकते न टेकते तोच सुटते,
विजयनगरच्या आधी राज्य बदलतं
ते मोबाइलला कळतं, मला नंतर.
चपला कुणी काढत नाही.
शेजारची रोजची बाई रोजचीच आहे,
नाव माहीत नाही.
मिरजेला अकरा मिनिटं लवकर पोचते.
लॅबच्या पायरीवर बसते,
किल्लीवाला यायचा असतो.

आप्पांची साखर वाढलीय.
परवा घरीच रक्त काढायला बसले.
पट्टा बांधला, म्हटलं, मूठ मिटा.
त्यांनी मूठ मिटली
आणि हात वर केला.
"खाली आप्पा. सरळ ठेवा."
कारखान्याच्या मागून काहीतरी जड
न थांबता चाललं होतं.
"मालगाडी," ते म्हणाले. "भरलेली."
हात तसाच.

सुई धरून मी थांबले,
शेवटचा डबा जाईपर्यंत.